मराठी टी-शर्टचा छोटा ब्रँड आहे, माल बांगलादेशातून करून घ्यावा का तिरुपूरच बरं?

चिंचवडची_कात्री:
नमस्कार मंडळी. मराठी ओळी छापलेले ओव्हरसाइज टी-शर्ट विकतो आम्ही, इन्स्टा आणि स्वतःची साइट, शिवाय चिंचवडला एक छोटं दुकान. सध्या सगळा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरचा, 240 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) फ्रेंच टेरी कापड, मऊपणासाठी बायोवॉश केलेलं, प्रिंटसकट पीस 235 ला पडतो, विकतो 699 ला. आता एका एजंटने बांगलादेशातल्या गाझीपूरच्या फॅक्टरीचं कोटेशन आणलंय, तोच पीस 190, एफओबी चितगाव (म्हणजे तिथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव), आणि म्हणे ड्युटी शून्य. अट एवढीच की रंगामागे किमान 2000 पीस. भागीदाराचं म्हणणं आत्ताच उडी मारू आणि वाचलेले पैसे जाहिरातीत घालू कारण मेटाच्या अॅड आता परवडत नाहीत. माझं मन होत नाहीये. थंडीसाठी चीनहून पॅडेड जॅकेट पण आणायचं डोक्यात आहे. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना कोड) काढून ठेवलाय. कुणी हे केलंय का?

मर्चंडायझर_नाशिक:
दादा, एफओबी 190 आणि तुझ्या गोडाऊनला 190 यात अख्खा समुद्र आहे 😄 त्यावर भाडं, इन्शुरन्स, बँकेचे चार्जेस, क्लिअरिंग, न्हावाशेवा ते चिंचवड टेम्पो, शिपमेंटआधीचं इन्स्पेक्शन (हे सोडू नकोस, एक्यूएल 2.5 ने, म्हणजे नमुन्यात किती खराब पीस चालतील त्या ठरलेल्या मापाने, तपासून घे), एजंटचं कमिशन कोटेशनमध्ये नसेल तर ते वेगळं. आयातीवरच्या 5 टक्के आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं पण पैसे आधी भरावे लागतात. सगळं धरून पीस 215 च्या आत पडला तर बघ. म्हणजे वाचले वीस रुपये.

आता पाच रंग घेतलेस तर दहा हजार पीस, साडेएकवीस लाख रुपये, आणि कुठल्या साइजचे किती हे आजच सांगायचं. त्यात वाचले दोन लाख. या दहा हजारातले नऊशे-साडेनऊशे पीस जरी पडून राहिले तरी ते दोन लाख गेले. तुझ्या धंद्यात तर माल तारखेला लागतो. लॅब डिप (रंगाचा नमुना), फिट सॅम्पल, पीपी सॅम्पल (प्रॉडक्शनआधीचा शेवटचा नमुना), मग प्रॉडक्शन, मग जहाज, तीन-चार महिने सहज जातात. शिवजयंती 19 फेब्रुवारीला आहे हे जहाजाला कोण सांगणार? 22 ला आलेला माल पुढच्या वर्षीपर्यंत गोडाऊनमध्ये बसतो, आणि ती ओळ तोवर शिळी झालेली असते.

जेएनपीटी_रोडवरून:
क्लिअरिंगमध्येच आहे म्हणून लिहितो. ड्युटी शून्य हे खरं आहे पण आपोआप नाही. बांगलादेशाला साफ्टाखाली (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार) 2011 पासून कपड्यांवर सूट आहे, त्यासाठी तिकडच्या एक्स्पोर्ट प्रमोशन ब्युरोचं ओरिजिन सर्टिफिकेट लागतं. 2020 च्या कॅरोटार नियमांनंतर (माल कुठल्या देशाचा हे तपासायचे कस्टमचे नियम) नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही, माल खरंच तिथे बनलाय, किती व्हॅल्यू अॅडिशन झालंय, कापड कुठलं, ही माहिती आयातदाराकडे पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे, एजंटकडे असून उपयोग नाही. कस्टमने विचारलं आणि तुम्ही डोकं खाजवत बसलात तर सूट अडकते. सूट गेली की कपड्यांवर बहुतेक ठिकाणी 20 टक्के बेसिक आणि त्यावर सरचार्ज, मिळून 22. मालाच्या काही कस्टम कोडला पीसमागे ठराविक रक्कम किंवा टक्के, जे जास्त ते. चीनच्या जॅकेटचा हिशोब याच रेटने करा.

दुसरं, 17 मे 2025 पासून तिकडचे रेडिमेड कपडे जमिनीवरून येणं बंद आहे, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदर. आधी पेट्रापोलच्या सीमेवरून ट्रकने पटकन यायचा माल, आता बऱ्याचदा कोलंबोला जहाज बदलून येतो. एजंट अजून जुनेच दिवस सांगत असेल तर दोनदा विचारा. आणि अॅझो डाय (बंदी असलेले घातक रंग) नसल्याचा टेस्ट रिपोर्ट तिकडूनच मान्यताप्राप्त लॅबचा आणा, नाहीतर इथे सॅम्पल काढतात आणि तोवर माल पडून, भाडं तुमच्या डोक्यावर. लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता, देश, महिना-वर्ष, एमआरपी हे सगळं फॅक्टरीतच लावून घ्या.

कापूसकोंड्या:
ढाक्याहून लिहितोय, गारमेंटमध्येच नोकरी. इथलं काम चांगलं असतं यात वादच नाही, निटमध्ये (टी-शर्टसारख्या विणलेल्या होजिअरीत) तर हे लोक वस्ताद आहेत. पण 2000 पीसची ऑर्डर म्हणजे इथे लाइन रिकामी असेल तेव्हा भरायचा माल. युरोपचा मोठा बायर आला की तुमचा टी-शर्ट खाली सरकतो, किंवा गुपचूप बाहेर दुसऱ्या शेडमध्ये शिवायला जातो आणि तुम्हाला कळतही नाही. ते बाहेरचं काम कसल्या इमारतीत होतं कुणी बघत नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ साभारला राणा प्लाझा ही गारमेंट कारखान्यांची इमारत पडली, 1134 माणसं गेली, तेव्हा कित्येक ब्रँडना आपला माल तिथे शिवला जातोय हेच सांगता येईना. म्हणून एजंटला आधी फॅक्टरीचं नाव आणि पत्ता विचारा, आणि आरएससीच्या (इथल्या कारखान्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) यादीत ती आहे का बघा. नाव सांगायला का कू करत असेल तर तिथेच विषय संपवा.

ईदला कामगार गावी जातात आणि फॅक्टरी आठवडा-दहा दिवस ठप्प असते, हे डिलिव्हरीच्या तारखेत धरलेलं नसतं. आणि एक, बांगलादेश 24 नोव्हेंबर 2026 ला एलडीसी (सर्वात कमी विकसित देश) यादीतून बाहेर पडायचं ठरलंय. पुढे ढकलायची मागणी इथले कारखानदार करतायत, पण सध्या मिळणारी सूट त्या दर्जावर मिळते, तेव्हा दोन-तीन वर्षांचं गणित शून्य ड्युटीवर मांडू नका.

हलकीफुलकी:
मी अॅडचं काम करते म्हणून मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतोय. तुमचं गिऱ्हाईक कापडासाठी येत नाही हो, ओळीसाठी येतं. स्वस्तातच घ्यायचं असेल तर ते झुडिओत जाईल, आणि झुडिओसारखा भाव द्यायला टाटांसारखा व्हॉल्यूम लागतो, तो तुमच्याकडे नाही आणि गरजही नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचं किती परत येतं ते सांगाल का? परत आलेल्या पार्सलला जाण्यायेण्याचं कुरिअर आणि ती ऑर्डर आणणाऱ्या अॅडचे पैसे, दोन्ही बुडतात. तिथे नीट लक्ष घातलंत, म्हणजे फोनवर कन्फर्म करणं, प्रीपेडला पन्नास रुपये सूट, साइज चार्टवर खऱ्या माणसांचे फोटो, तर पीसमागे वीस रुपये आरामात सुटतील आणि कंटेनर मागवावा लागणार नाही.

आणि प्रिंट आधीच कशाला करता? कोरा टी-शर्ट साठवा, ओळ पुण्यात छापा. बेनेटनने स्वेटर आधी विणून ठेवायचे आणि कुठला रंग चालतोय ते बघून मग रंगवायचे, असंच केलं होतं. आधी ओळ इन्स्टाला टाका, ज्यावर लोक मित्रांना टॅग करतात ती छापा, बाकीच्या सोडून द्या.

चिंचवडची_कात्री:
बापरे, एवढ्यात एवढं आलं. ताई, परत येण्याचं प्रमाण सांगायलाच लाज वाटते, गणपतीत सर्वात वाईट असतं, त्यामुळे मुद्दा लागला. विक्रीचे आकडे काढून बघितले तर निम्म्याहून जास्त माल काळा आणि ऑफ-व्हाइट या दोनच रंगात जातो, बाकी रंग आम्ही आपले हौसेने ठेवतो. मग हे दोन रंग कोरे, एल आणि एक्सएल जास्त धरून, गाझीपूरहून केले आणि छपाई भोसरीत केली तर?

मर्चंडायझर_नाशिक:
हे पटतंय, कोरा काळा पीस शिळा होत नाही. पण आधी तिरुपूरवाल्याला हाच प्रश्न टाक, दोन रंग कोरे, वर्षाची क्वांटिटी एकदम सांगून, उचल दर महिन्याला थोडी थोडी. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला होता, तेव्हापासून तिकडचे बरेच एक्स्पोर्टवाले देशी ऑर्डरशी नीट बोलायला लागलेत. प्रिंट काढून टाकल्यावर तो काय भाव देतो ते गाझीपूरच्या कोऱ्या पीसच्या भावाशेजारी ठेव. काळ्याचं मात्र पाच धुण्यानंतरचं शेड आणि श्रिंकेज (किती आटतो ते) लेखी घे, दोघांकडूनही.

जेएनपीटी_रोडवरून:
आणि जॅकेट या वर्षी राहू द्या. पुण्यात थंडी असते किती दिवस?