वकील आहे, युक्रेनला नोंदींच्या कामासाठी जायचंय, कुणाला अनुभव आहे का?

सातरस्ता_वकील:
नमस्कार, मी सोलापूर जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, जास्त करून फौजदारी. युक्रेनमध्ये साधी माणसं युद्धात कशी जगतायत, शाळा कशा चालतात, घर पडल्यावर कागदपत्रांचं काय होतं हे नोंदवणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. पगार नाही, राहायची सोय ते करतात. २०२२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्यांमध्ये कीवची एक संस्था होती, तिच्या प्रमुख ओलेक्झांड्रा मात्वीचुक वकीलच, त्यांच्याबद्दल वाचल्यापासून हे डोक्यातून जातच नाहीये. पण आईचं एकच, आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस गेले ते परत आले का? १९३८ ला चीनला गेले अन् १९४२ ला तिथंच वारले, वय अवघं ३२, तिला काय उत्तर देऊ? वकिलीच्या सनदेला अडचण येते का, आणि जबाब घेऊन आपण त्या लोकांना उलट त्रास तर देणार नाही ना, हेही सांगा.

बाररूम_काका:
बेटा, पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे प्रॅक्टिस थांबवावी लागते, तुझं बिनपगारी आहे, तरी बार कौन्सिलला एक पत्र देऊन पोच घेऊन ठेव. चालू केसेस एनओसी देऊन दुसऱ्याकडं सोपव, पक्षकाराला तारखेला एकटं उभं करू नको. आणि विम्याची पॉलिसी नीट वाच, बहुतेकांत युद्ध वगळलेलं असतं.

पूर्वभाग_अक्का:
मी युक्रेनमधल्या ल्विव्हला राहून आलेय म्हणून लिहिते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथं प्रवासी विमानं बंद आहेत, पोलंडमधल्या प्शेमिश्लहून रेल्वेनं आत जावं लागतं, म्हणजे पोलंडमध्ये शिरायला शेंगेनचा व्हिसा पण बघा. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की लोक तळघरात जातात, नाही जमलं तर बाहेरच्या आणि आपल्यामध्ये दोन भिंती येतील अशा जागी, म्हणून कितीतरी घरांत पॅसेजमध्येच गादी, पाण्याची बाटली अन् कागदपत्रांची पिशवी ठेवलेली असते. बायका एकत्र बसून जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जाळीत ओवतात, सैन्याच्या गाड्या झाकायला, हात असे चालतात की मला आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले हातमागच आठवले. हे सगळं लिहा, तारीख, वेळ, जागा टाकून.

पण अत्याचार सोसलेल्या बाईचा किंवा लहान मुलाचा सविस्तर जबाब घ्यायच्या मागं लागू नका, हे मी कळकळीनं सांगते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांच्या कार्यालयानं आणि युरोजस्टनं (युरोपीय संघाची न्यायिक सहकार्याची संस्था) २०२२ मध्ये संस्थांसाठी सूचना काढल्यात, त्यातही तेच आहे. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं की जखम उघडते, शिवाय पोलिसांनी घेतलेला कलम १८० चा जबाब आणि कोर्टातली साक्ष यात फरक पडला की उलटतपासात काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. नाव, संपर्क आणि संमती तेवढी घ्या, बाकी तपास यंत्रणेला करू द्या. फोटोची मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सॅपवरून फिरवलेल्या फोटोतली वेळ-जागेची माहिती उडते. हॅश, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा, लगेच काढा, आपल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटला पण तो लागतोच की.

मुलं पळवून नेल्याच्या आरोपावरून १७ मार्च २०२३ ला त्याच न्यायालयाचं पुतिन यांच्यावर वॉरंट निघालं, अशा प्रकरणात मूल कुठल्या शाळेत होतं, घरी कोण कोण होतं या साध्या नोंदीलाही वजन येतं.

गिरणगाव_सोलापूर:
ताई, जावा तुम्ही. १९३० च्या मार्शल लॉमधल्या चार हुतात्म्यांची नावं इथं पोरासोरांना पाठ आहेत, पण त्या दिवसांत गिरणी कामगाराच्या घरात काय शिजत होतं, बायका बाजारात कशा जात होत्या, हे शोधायला गेलो तर मला फारसं काही हाती लागलं नाही, माहीत असणारी माणसं गेली. आईंना मात्र कोटणीसांचं मोठेपण सांगत बसू नका, त्यांना भीती वाटते ती खरी आहे. कुठल्या शहरात राहणार, रोज किती वाजता फोन करणार, परतीची तारीख काय, हे कागदावर लिहून द्या.

सातरस्ता_वकील:
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्का, आघाडीपासून लांबचंच शहर मागून घेईन, जबाबाचं तर पक्कं लक्षात ठेवते. एक विनंती आहे, रविवारी आईशी फोनवर बोलाल का? तिला तिथं राहून आलेल्या बाईकडूनच ऐकायचंय.

पूर्वभाग_अक्का:
फोन कशाला, घरीच येते की. चारनंतर चालेल का?