बँक: पैशांची, नदीची आणि विमानाची, शब्द एकच का?

प्रश्न: मुलीच्या धड्यात रिव्हर बँक आलं, आता पैशांची बँक, नदीचा काठ, शिवाय विमान वळताना कलतं तेही बँक, हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत की एकच?

प्रतिसाद: मूळ एकच, जर्मॅनिक भाषांमधलं (म्हणजे इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या त्या), पण वाटा वेगळ्या. काठाचा अर्थ स्कँडिनेव्हियन लोकांकडून आला आणि पैशांचा इटलीतून, तिथे सराफ भर बाजारात बाक टाकून नाणी बदलून द्यायचे, त्या बाकाला म्हणायचे बांका, मग फ्रेंचमधून १५व्या शतकात इंग्रजीत. बँकरप्ट, म्हणजे दिवाळखोर, पण त्यातलंच, बांका रोत्ता म्हणजे मोडलेला बाक!

प्रतिसाद: आणि आपला शाळेतला बाक पण त्याच कुळातला बरं का, पोर्तुगीज बांकोवरून आलेला. मला हे फार आवडतं.

प्रश्नकर्ती: वा, मस्तच! आणि विमानाचं?

प्रतिसाद: ते काठावरून, म्हणजे उतार या अर्थाने. घाटात वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली असते ना, तेही बँकिंगच. ब्लड बँक मात्र पैशांच्या बँकेवरून, १९३७ मध्ये शिकागोच्या कूक काउंटी हॉस्पिटलात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी दिलेलं नाव.