मदत हवी आहे: सोसायटीचा पंप दुपारी चालवावा का?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत स्मार्ट मीटर बसलेत. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना असा मीटर असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते, म्हणून. आमचा 5 एचपीचा पंप पहाटे दोन तास चालतो, म्हणजे आठेक युनिट. तो टायमर लावून दुपारी चालवावा म्हणतोय. (नोकरदारांना गीझर दुपारी लावा सांगण्यात अर्थ नाही, पंपाला मात्र ऑफिस नसतं!) सामायिक मीटरच्या बिलात ही सवलत प्रत्यक्ष दिसते का? वरची टाकी सकाळपर्यंत पुरली नाही तर काय केलंत? खजिनदारकाका म्हणतात, वेळ बदलण्यापेक्षा जुना पंप काढून 5 स्टारवाला घ्या. कुणी घेतलाय का?