मदत हवी आहे: मिस्ड ॲबॉर्शन, गोळ्या की क्युरेटिंग, आणि संगणकाने दिलेला ६५%

नमस्कार. माझ्या धाकट्या जावेसाठी विचारते आहे, तिला विचारूनच लिहिते.

गरोदरपणाचा नववा आठवडा चालू होता. सोनोग्राफीत बाळाची लांबी ९ मिमी आणि ठोके नाहीत. ७ मिमीपासून पुढे ठोके दिसायलाच हवेत, तरी डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा पाहिलं. तेच. रक्तस्राव नाही, दुखत नाही. मिस्ड ॲबॉर्शन, म्हणजे गर्भाची वाढ थांबली पण तो अजून आतच आहे, या निदानाबद्दल शंका उरलेली नाही, प्रश्न पुढचा आहे.

त्या रुग्णालयात एक प्रोग्रॅम आहे. वय, आधीची बाळंतपणं, सॅकचं (गर्भाभोवतीच्या थैलीचं) माप, रक्तस्राव वगैरे भरलं की गोळ्यांनी गर्भपिशवी पूर्ण रिकामी होण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. जुन्या पेशंटच्या नोंदींवर मशीन लर्निंगने तयार केलाय. तिचा आकडा ६५% आला. डॉक्टर म्हणाले, कमी आहे, क्युरेटिंग (पिशवी आतून साफ करणं) करून घ्या. परवापर्यंत कळवायचंय. रात्री तिचा फोन आला, "ताई, तुम्ही कॉलेजात आकडेच शिकवता ना? मग सांगा, पासष्ट म्हणजे माझं काय होणार?" मी संख्याशास्त्र शिकवते आणि मला उत्तर देता आलं नाही.

काल रात्रभर वाचत बसले. अमेरिकेत २०१८ साली ३०० जणींवर झालेल्या चाचणीत फक्त मिसोप्रोस्टॉल ही पिशवी रिकामी करणारी गोळी दिलेल्या ६७ टक्के बायकांची पिशवी पहिल्या तपासणीपर्यंत रिकामी झाली. आधी मिफेप्रिस्टोनची गोळी दिली, तर ८४ टक्के. ब्रिटनमधल्या ७११ जणींच्या चाचणीत (२०२०) दोन्ही गोळ्या दिल्यावर सात दिवसांत सॅक न पडण्याचं प्रमाण २४ वरून १७ टक्क्यांवर आलं. आता हिचा ६५ बघा. तो एकाच गोळीच्या आकड्याला किती जवळ आहे! हिने गोळ्या घ्यायच्या ठरवल्या तर मात्र दोन्ही देणार आहेत. प्रोग्रॅम ज्या नोंदींवर शिकला त्यात मिफेप्रिस्टोन नसेलच, तर तो दुसऱ्याच उपचाराचं भाकीत करतोय.

दुसरी शंका मला जास्त छळते. नोंदीत "गोळ्या फेल" कधी लिहिलं असेल? सात दिवस वाट पाहून, की तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत थोडं काही दिसलं म्हणून लगेच क्युरेटिंग केलं तेव्हा? तसं असेल, तर यंत्र बाईच्या शरीराबद्दल शिकलेलंच नाही, डॉक्टरांच्या घाईबद्दल शिकलंय. अचूकता ८०% आहे म्हणतात, त्यानेही मला धीर येत नाही. शंभरातल्या ८४ जणींना गोळ्या लागू पडत असतील, तर सगळ्यांना डोळे मिटून "लागू पडतील" म्हणणाराही ८४% बरोबर ठरतो.

जाणकारांनी सांगावं: डॉक्टरांना हे कसं विचारू? त्यांचा अपमान करायचा नाही, ते चांगले आहेत. आणि दोन-चार दिवस थांबलं तर धोका आहे का?

---

प्रतिसाद: मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ताप नाही, रक्तस्राव नाही, तब्येत स्थिर आहे, तर काही दिवस विचार करायला हरकत नसते. ब्रिटनमधल्या २००६ च्या मोठ्या चाचणीत वाट पाहणं, गोळ्या आणि शस्त्रक्रिया, तिन्हींत जंतुसंसर्ग २-३ टक्केच होता. गोळ्या घेतल्या आणि तासाला दोन मोठे पॅड असे सलग दोन तास भिजले, किंवा थंडी वाजून ताप आला, तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तसं आधीच सांगा. "क्युरेटिंग" म्हणजे नक्की काय, तेही विचारा. धारदार क्युरेटने खरवडण्यापेक्षा सक्शन, म्हणजे एमव्हीए (हातपंपाने ओढून पिशवी रिकामी करणं), सुरक्षित असतं.

तुमचे प्रश्न योग्य आहेत. सरळ विचारा: कुठल्या गोळ्यांच्या नोंदी, कितव्या दिवशीचा निकाल, आणि ज्यांना ६५ सांगितलं त्यांतल्या खरोखर किती जणींना लागू पडल्या.

---

धागाकर्ती: मनापासून आभार. आज तिच्यासोबत गेले होते. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल त्यांचे उपकार. बहुतेक नोंदी एकट्या मिसोप्रोस्टॉलच्याच निघाल्या. दोन्ही गोळ्यांनी तिला बरीच जास्त आशा आहे, हे त्यांनी स्वतः तिला सांगितलं. शेवटच्या प्रश्नाचा हिशेब मात्र त्यांनी कधी केलेला नाही.

हे सगळं ऐकून माझी जाऊ म्हणाली, मला एमव्हीएच करायचंय. ती भोरजवळच्या गावात राहते, रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर. भाऊजी रात्रपाळीला असतात, घरात सासूबाई आणि चार वर्षांची लेक. "एकटीने बाथरूममध्ये ते बघायला नको, ताई." प्रोग्रॅमच्या एकाही रकान्यात हे भरायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे, मी रजा टाकली आहे.

एक विनंती उरते. डॉक्टरांनी मला जुन्या नोंदी नावं काढून तपासायला बोलावलंय. मिफेप्रिस्टोनच्या नोंदी थोड्याच असताना असं मॉडेल नव्याने कसं जुळवून घ्यायचं, याचा कोणाला अनुभव असेल तर इथे लिहा.