रोज एकच ठिकाण, तेही सकाळी

आजी-आजोबा आठवडाभर पुण्यात येणार, घरात तीन आणि सहा वर्षांची मुलं, तर रोज दोन ठिकाणं बसवावीत का, असं तुम्ही विचारलंय. नका बसवू. गेल्या दिवाळीत सासू-सासरे आले तेव्हा आम्ही पहिल्याच दिवशी शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय एकत्र केलं. संग्रहालयाच्या जिन्यात धाकटी पेंगुळली आणि सासूबाई गुडघा धरून तिसऱ्या पायरीवरच बसल्या. जुने दिवे, अडकित्ते बघायची त्यांना केवढी हौस, पण वरचा मजला न बघताच परतल्या. मला फार वाईट वाटलं.

मग रोज सकाळी एकच ठिकाण ठरवलं. आगाखान पॅलेस सगळ्यांत छान जमलं. गर्द झाडं, मोकळं आवार. १९४२ ते १९४४ गांधीजी इथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा इथेच गेल्या. समाधीपुढे सासरे चपला काढून बराच वेळ उभे राहिले. त्यांचं बोट धरून थोरलाही गप्प उभा होता, एरवी तो क्षणभर गप्प बसत नाही.

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. चालणं भरपूर आहे, आजींसाठी बॅटरीवरची गाडी घ्याच. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या झेपणार नसतील तर सारसबाग बरी, गणपतीचं दर्शन होतं आणि मुलं हिरवळीवर मनसोक्त पळतात.

आणि एक दिवस घरीच राहा. आम्ही त्या दिवशी बाल्कनीत मातीचा किल्ला केला, अळीव पेरले. ते उगवलेले आजीला रोज फोनवर दाखवायचे, हा मुलांचा पुढचे दहा दिवस कार्यक्रम होता.