अटल लॅबमधलं साहित्य मुलांच्या हातात द्यायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे, म्हणजे मुलांनी स्वतः हाताने वस्तू बनवत शिकायची प्रयोगशाळा. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातून थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड), सेन्सर सगळं आलंय. लॅब बघणारे सर निवृत्त झाले आणि जूनपासून किल्ली माझ्याकडे आली.

नववीत ५८ मुलं, चालू लॅपटॉप ४, तासिका ३५ मिनिटांची. साहित्य वाटण्यातच निम्मा तास जातो. यातून मी कसाबसा मार्ग काढतेय. खरी अडचण वेगळी आहे. सगळं साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं आहे. काही जळालं तर उत्तर मला द्यायचं, म्हणून मुलांना हात लावू द्यायला मीच कचरते.

मागच्या आठवड्यात एका मुलीने रेझिस्टर (वीजप्रवाह आटोक्यात ठेवणारा छोटा भाग) न लावता एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. लख्खकन पेटला आणि गेला. दोन-तीन रुपयांची वस्तू, पण ती पोर तास संपेपर्यंत हात मागे बांधून उभी होती. रेझिस्टर कशाला लागतो हे समजावायला याहून चांगली वेळ कुठली? मी मात्र 'जपून गं, जपून' एवढंच म्हणत राहिले. ते अजून मनाला लागून आहे. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करतो तेव्हा हीच मुलं बिनधास्त मोडतोड करतात.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही कम्प्युटिंग शिकवतात. २०१६ मध्ये तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारे खिशात मावतील एवढे छोटे कम्प्युटर) फुकट वाटले, तेही घरी न्यायला, स्वतःचे म्हणून. तिकडे राहणाऱ्या, शिकवणाऱ्या मराठी मंडळींनी सांगावं: शाळेतल्या वस्तू जळतात, मोडतात, तेव्हा त्याचा हिशोब कोण ठेवतं? शिक्षकाला जाब विचारतात का?

आणि इथल्या अटल लॅबवाल्या शिक्षकांनो, एलईडी, वायरी, छोटे सेन्सर यांची वेगळी नोंदवही तुम्ही ठेवता का? मुख्याध्यापकांना आणि ऑडिटला ती चालते का? नमुना मिळाला तर फार बरं होईल. पन्नाससाठ मुलांचे गट कसे पाडता तेही लिहा. दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब नव्याने सुरू करायची आहे, आणि पहिला एलईडी त्याच मुलीच्या हातात द्यायचा आहे.