नाताळाआधीचे घरातले दिवस : तुमच्या आठवणी लिहा

बावखलकाठ
आज सकाळी माळ्यावरून नाताळच्या गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा चौकोनी डबा, आत एकेक मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. गाढवाचं पुडकं सोडलं तर त्याचा डावा कान दिसला. तो पप्पांनी मेणाने चिकटवलेला. त्या मेणावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा अजून तसाच आहे, रेषांसकट. शिडीवरून उतरले आणि तिथेच खाली बसून राहिले. पप्पांना जाऊन सहा वर्षं झाली.

आम्ही वसईचे, गासचे. वाडीवाले. पप्पा पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायचे, यायला दुपार. मग वाडीला पाणी, मग दुसऱ्या दिवसाची खुडणी. वर्षभर हा माणूस आम्हाला दिसायचा तो जेवताना. पण नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस ते संध्याकाळी ओट्यावर बसायचे, ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या तासत. बोलणं जवळपास नाहीच. मी शेजारी बसून खळ ढवळायचे. मध्येच "जाड झाली" म्हणायचे, की मी पाणी घालायचे. बावखलावरून, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरून, गार वारा यायचा. आत आई तांदूळ निवडत असायची. रेडिओ बंद, आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, आजी लावूच द्यायची नाही.

14 तारखेला नाचणी पेरायची. परातीत माती, त्यावर रात्रभर भिजवलेली नाचणी. पाणी हातानेच शिंपडायचं, तांब्याने ओतलं तर दाणे सगळे एका कडेला वाहत जातात. 24 पर्यंत चार बोटं हिरवंगार शेत, गोठ्यापुढे ठेवायला. गव्हाण मात्र रिकामी. बाळ येशू आजीच्या लुगड्याच्या घडीत, कपाटात. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेहून (प्रार्थनेहून) आल्याशिवाय त्याला बाहेर काढायचं नाही. मी रोज हळूच कपाट उघडून बघून यायचे, आहे ना म्हणून.

25 तारीख मला फार आठवत नाही. नवे कपडे, पाहुणे, नुसती धावपळ. आठवतात त्या या संध्याकाळी. तुमच्याकडे काय असायचं? नाताळ करत नसलात तरी लिहा.

सांजवात
ठशाशी थांबले. पोळी तव्यावर आहे, रात्री नीट लिहिते.

नगरकरीण
आमच्याकडे रात्री शांतता नसायचीच. नगरचं प्रोटेस्टंट घर. 15 तारखेपासून कॅरलवाले यायचे पेटी-ढोलकी घेऊन, कधी रात्री एकला सुद्धा, आणि सगळ्यांना चहा. दिवसा मात्र घर एकदम गप्प कारण बायका फराळाला बसलेल्या. हो, फराळच. चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा. दिवाळीत आळीतून ताटं आलेली असायची, ती आम्ही नाताळात भरून परत करायचो.

आई आणि आजीचं वर्षभर पटायचं नाही. करंज्यांना मात्र दोघी समोरासमोर. आजी लाटायची, आई भरायची, मी कातण फिरवायचे. तीन-चार तास असे जायचे. भांडण नाही की गप्पा नाहीत, फक्त पोळपाटाचा आवाज. एकदा आजीने हात लांब करून आईच्या कपाळाला लागलेलं पीठ पदराने पुसलं. बस, एवढंच. आजी गेल्यापासून आईने मला हे कितीदा तरी सांगितलंय, दरवेळी पहिल्यांदा सांगतेय असं.

रानपाखरू
अजून कोणी कुलकुलचं नावच काढलं नाही!! मी ख्रिश्चन नाही, पण शाळेला सुट्टी लागली की समोरच्या काकू हाक मारायच्या. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, तुपाचं मोहन. बोटाच्या पेराएवढी गोळी घ्यायची, कंगव्याच्या दातांवर दाबत पसरायची आणि गुंडाळायची, शिंपला तयार. कंगवा नवा कोरा, वर्षातून एकदाच निघायचा, त्याला काकूंनी लाल दोरा बांधलेला, कोणी चुकून केसांना लावू नये म्हणून 😄 आम्ही सहा पोरं चटईवर. काकांनी एकदा मोजायला लावले, चारशे झाल्यावर सगळ्यांचाच आकडा चुकला.

मिठाचा खडा
आम्ही काट्याच्या पाठीवर करतो. कंगव्याचे तळताना उलगडतात.

रानपाखरू
@मिठाचा खडा शेवटची कड दाबली नाही की उलगडतात. ओलं बोट लावून दाबा.

मिठाचा खडा
बरं. यंदा थोडे तसे करून बघते.

दूरदेशी
जर्मनीत आहे, नववं वर्ष. नागपूरहून आलो तेव्हा नाताळ म्हणजे शाळेतला लाल टोपीवाला, एवढंच माहीत होतं. इथे रविवारी दुकानं बंदच असतात, त्यात डिसेंबरात साडेचारला अंधार. पहिल्या वर्षी भिंती खायला उठल्या. मग घरमालकीण आजींनी एका रविवारी कॉफीला बोलावलं. टेबलावर सूचिपर्णी फांद्यांचं गोल कडं, चार मेणबत्त्या, पेटलेली एकच. मला वाटलं काटकसर असेल. त्या म्हणाल्या, आज पहिला रविवार ना, एकच लावायची.

त्यांनीच सांगितलं की हे कडं तसं नवंच आहे, 1839 चं. हांबुर्गमध्ये विखेर्न म्हणून एक धर्मगुरू निराधार मुलांसाठी घर चालवत होते. पोरं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या, बाकी दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची, विचारायचं कामच नाही. आता माझी मुलगी पाच वर्षांची आहे, तीही रोज विचारते. तेव्हा मला ती चाकाभोवती जमलेली पोरं दिसतात.

आजी मागच्या वर्षी गेल्या. कडं यंदा आमच्या टेबलावर आहे. आज तिसरी लावली.

पाऊलखूण
@दूरदेशी तिसरी गुलाबी असते का तुमच्याकडे? आमच्या चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी.

दूरदेशी
इथे घरोघरी बहुतेक चारही लाल. गुलाबी का पण?

पाऊलखूण
तिसरा रविवार आनंदाचा. अर्धी वाट सरली म्हणून. जांभळा रंग प्रायश्चित्ताचा. आणि 2023 आठवतंय का कोणाला, 24 तारखेलाच रविवार आला होता. सकाळी चौथी मेणबत्ती लावली आणि रात्री नाताळ! चौथा आठवडा अर्ध्या दिवसात संपला. आई दिवसभर म्हणत होती, यंदा वाट बघायला पुरेसा वेळच नाही मिळाला.

गोदाकाठ
थोडं विषयाबाहेर. वसई म्हटलं की मला आमच्या नारोशंकराची घंटा आठवते. नाशिकला पंचवटीत गोदेच्या काठावर, भली मोठी पोर्तुगीज घंटा. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची. भीमाशंकरलाही एक आहे. लहानपणी आजोबांबरोबर जायचो तेव्हा ती कुठल्या गावाला वाजत होती हा विचार कधी मनात आला नाही. आज वाचताना आला.

बावखलकाठ
@गोदाकाठ विषयाबाहेर कसलं! 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. नाताळ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आलेला. पप्पा एकदा आम्हाला घेऊन भीमाशंकरला गेले होते, घंटेखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. परतताना गाडीत म्हणाले, आवाज चांगला आहे.

रात्रपाळी
नर्स आहे. नाताळच्या आठवड्यात ड्युटी बहुधा लागतेच, त्यामुळे सांगण्यासारखं फार नाही. 2020 चं सांगते. आठवत असेल, 22 डिसेंबरपासून महापालिका हद्दीत रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी. आमचं गाव वसई-विरार महापालिकेत, म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा नाही. संध्याकाळीच उरकली. मी नऊ महिन्यांनी पहिल्यांदा सलग चार दिवस घरी होते, घरातही मास्क लावून, आजीपासून दोन खुर्च्या लांब. मिस्सा झाली तशी वहिनी बाळाला गव्हाणीत ठेवायला निघाली. आजीने अडवलं. म्हणाली, सरकारने आपल्याला बाहेर जायला बंदी केलीय, बाळाला लवकर यायला सांगितलेलं नाही. मग सगळे बसून राहिलो. टीव्ही नाही, काही नाही. लसूण सोलला, वाटाणे सोलले, भाऊ दोनदा झोपला. बाराला आजीने स्वतः ठेवलं. इतकी शांत रात्र मी त्या वर्षात पाहिली नव्हती. वॉर्डात यंत्रांचे आवाज सारखे असतात ना.

नगरकरीण
@रात्रपाळी आजींना माझा नमस्कार सांग. आणि तुला मिठी.

रात्रपाळी
सांगते ताई. ९१ च्या आहेत. उद्या व्हिडिओ कॉलवर वाचूनच दाखवणार आहे सगळं.

सांजवात
आले. सगळे झोपलेत आता.

बाबा जहाजावर होते. नाताळला घरी असे फार क्वचित. मी चौथीत होते तेव्हा 18 तारखेला आले, न कळवता, खांद्यावर बॅग. जेवले आणि झोपले. झोपले ते दोन दिवस, जेवणापुरते उठून. आईने आम्हाला दम भरलेला, आवाज करायचा नाही. आम्ही दोघी बहिणी चवड्यांवर चालायचो. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आईने डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. तिला किती वेळ लागला, शेवटी वरण खाली लागलं. गोठा आम्ही कुजबुजत मांडला. मेंढ्या ठेवताना सुद्धा आवाज नको म्हणून टेबलावर टॉवेल घातला होता. मधूनमधून दाराच्या फटीतून बघायचं, पाय दिसतात का. पायाला इंजिनच्या तेलाचा काळा डाग, धुऊनही न गेलेला.

टॉवेल मी अजूनही घालते गोठ्याखाली. मुलं विचारतात कशाला. मी म्हणते, बर्फ.

मिठाचा खडा
उघड्या पातेल्यातली डाळ 🥺

चहाबाज
करपलेल्या वरणात वरून लसणाची फोडणी घातली की वास जातो. माझी आई पण डाळ पातेल्यातच शिजवायची, चिमूटभर हिंग आणि चमचाभर तेल घालून, उतू जात नाही.

पाऊलखूण
@बावखलकाठ नाचणी यंदा पेरायची राहूनच गेली. मुलांनी हे वाचलं आणि आता मागे लागलीत. आज 16. चालेल का?

बावखलकाठ
आज रात्री भिजत घाला, उद्या पेरा. पहिले दोन दिवस वरून ओलं फडकं झाकून ठेवा, कोंब दिसला की काढायचं आणि खिडकीत, नाहीतर पिवळी पडते. चार बोटं नाही यायची.

पाऊलखूण
दोन आली तरी पुरे. आमच्या मेंढ्या लहानच आहेत.